पाहुण्याचा डावा डोळा

आमच्या घरी चार वर्षं एक साप राहिला. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण पुढचे प्रश्न मला पाठ आहेत. चावायचा का? दूध प्यायचा का? तुला भीती नाही वाटायची? मी हसते आणि विषय बदलते. मला ज्याबद्दल खरंच बोलावंसं वाटतं, ते कुणी विचारत नाही.

तो माझ्या आतेभावाचा होता. कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला बिनविषारी साप. नारिंगी अंगावर विटकरी रंगाचे डाग आणि प्रत्येक डागाला पेनाने काढल्यासारखी बारीक काळी किनार. आपल्याकडचे साप घरात ठेवायला बंदी आहे, पण अशा परदेशी सापाची सरकारी पोर्टलवर नोंद करता येते, ती त्याने रीतसर केली होती. मग त्याला जर्मनीत नोकरी लागली आणि एका रविवारी तो काचेची पेटी घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"मामा, फक्त तीन महिने."

"ठेव," पप्पा म्हणाले.

"हॉलमध्ये नाही," मम्मी म्हणाली.

एवढ्या तीन वाक्यांत ठरलं आणि साप माझ्या अभ्यासाच्या खोलीत आला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "चालेल" म्हटलं असतं. त्याचं मूळ नाव इंग्रजी होतं, ते आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसलं नाही. पप्पा त्याला पाहुणा म्हणायला लागले, तेच राहिलं.

आम्ही तेव्हा आडगाव नाक्याच्या पुढे, हायवेपासून दोन गल्ल्या आत राहायचो. पप्पा ओझरला, विमानाच्या कारखान्यात, शीट मेटल शॉपला, म्हणजे पत्र्याच्या विभागात होते. सकाळी कंपनीची बस, साडेचारला परत, आंघोळ, चहा. त्यांच्या कामाबद्दल मला फार कळायचं नाही, पण एक गोष्ट त्यांनी मला दाखवली होती. ॲल्युमिनियमचे पत्रे येतात तेव्हा ओरखडा पडू नये म्हणून त्यांच्यावर पातळ प्लॅस्टिकची फिल्म असते. ती एका तुकड्यात निघाली पाहिजे. मध्ये फाटली की गोंद राहतो आणि मग तो काढताना पत्रा खराब होतो. पप्पा कोपरा नखाने उचलायचे आणि फिल्म वर न ओढता पत्र्याला चिकटून, जवळजवळ आडवी मागे न्यायचे. सर्रकन यायची. घरात नवीन काही आलं, मिक्सर, मोबाइल, की त्यावरची फिल्म पप्पांनीच काढायची. शेजारच्या काकूंनी नवा फ्रीज घेतला तेव्हा त्यांनीही पप्पांना बोलावून नेलं होतं. मी सोबत गेले होते. कुणाला दिसू न देता मला फार अभिमान वाटला होता.

मी इंग्रजी शाळेत शिकले. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. काहीही अडलं की मी मोबाइलवर इंग्रजीत वाचून काढायचे, आणि घरात कमी बोलायचे. मराठी येत नव्हतं असं नाही. पण वाक्य आधी मनात नीट जुळवायचं, मग बोलायचं, अशी सवय लागली होती. ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मम्मी घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, "ती शांत आहे." मी शांत नव्हते. माझी वाक्यं तयार व्हायची होती.

पाहुण्याने आमच्याकडे पहिली कात टाकली ती पावसाळ्यात. आधी डोळे दुधाळ निळे झाले, चार दिवसांनी स्वच्छ झाले, आणि मग एका सकाळी पेटीत नाकापासून शेपटीपर्यंत अखंड कात पडलेली, मोजा उलटा काढावा तशी. मम्मीने ती लांबूनच, झाडूच्या दांड्याने उचलली. तेवढ्यात काकू आल्या.

"अगं, फेकू नकोस! एक तुकडा दे मला, कपाटात ठेवते. बरकत येते."

"अहो, हा आपल्याकडचा नाही," मम्मी म्हणाली. "अमेरिकेचा आहे."

"मग तर डॉलर येतील," काकू म्हणाल्या आणि पदराच्या टोकात तुकडा बांधून घेऊन गेल्या.

त्या वर्षी थंडी जोरात पडली. नाशिकची थंडी पहाटे बोचते, दुपारी ऊन असतं आणि हवा इतकी कोरडी की हातांना रेषा पडतात. पाहुणा गारठेल या काळजीने मम्मीनेच, हो, मम्मीनेच, कपाटावरचा हीटर काढून माझ्या खोलीत आणला. "आपण स्वेटर घालतो. त्याला काय?" ती म्हणाली. मी हीटरसमोर पाय करून अभ्यास करायचे, पाहुणा काचेपलीकडे वेटोळं घालून पडायचा. ते दिवस मला इतके सुखाचे वाटायचे की हीटरने हवेतलं पाणी संपत चाललंय हे तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढची कात निघालीच नाही. म्हणजे निघाली, पण तुकड्यांनी. लहानपणी आम्ही हातावर गोंद वाळवून सोलायचो, तशी ती अंगभर पांढुरकी चिकटून राहिली. पाहुणा पेटीतल्या दगडाला अंग घासायचा आणि थांबायचा. त्या शनिवारी संध्याकाळी मी मोबाइल घेऊन बसले आणि जे मिळेल ते वाचून काढलं. कोमट पाण्यात बसवा. ओल्या फडक्यातून सरकू द्या. सुकलेली कात ओढू नका. शेपटीच्या टोकाला जुन्या कातेचं कडं राहिलं तर ते आवळतं आणि टोक गळून पडतं. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत होतं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तो कातेबरोबर निघतो, पण मागे राहिला तर कधीही ओढू नका. ते मी दोनदा वाचलं.

रविवारी सकाळी पप्पांनी टब भरून माझ्या खोलीत आणला. बाळाच्या आंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून पाणी बघितलं. टबात जुना टॉवेल टाकला आणि पाहुण्याला अलगद सोडलं. मी वाचलेलं बरंचसं त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं, टॉवेलचं, पाण्याचं, शेपटीचं. डोळ्याचं राहिलं होतं. सांगायचं नव्हतं असं नाही. ते सांगताना "पारदर्शक खवला" असं म्हणावं लागेल, आणि ते पुस्तकी वाटेल, म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं.

वीस मिनिटांनी कात मऊ झाली आणि पप्पांचे हात कामाला लागले. इतकं सुंदर काम मी क्वचित बघितलंय. ओल्या बोटाने कड उचलायची, अंगाला चिकटून मागे न्यायची, अडली की थांबायचं, पाणी लावायचं, पुन्हा. पाठीवरून कात निघत गेली आणि खालून नवा नारिंगी रंग उघडा पडत गेला, इतका ताजा की आत्ताच दिलेला वाटावा. पाहुणा हलला नाही. मम्मी दारातून आत आली. साप पेटीबाहेर असताना ती पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती.

"नवरदेवाची आंघोळ चाललीय जणू," ती म्हणाली.

"हळद आण मग," पप्पा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

शेपटीचं कडं निघालं. डोक्यावरची कात निघाली, तिच्याबरोबर उजव्या डोळ्याचंही आलं. डावा डोळा मात्र निस्तेज राहिला, वर सुरकुतलेला पापुद्रा.

"इथे फिल्म राहिलीय," पप्पा म्हणाले.

"पप्पा, ते..."

"लाइट धर बेटा. या बाजूने."

आणि मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि धरला. हात हलू न देता, चांगला धरला. पप्पांनी मम्मीचा छोटा चिमटा घेतला, कोपरा शोधला आणि वर न ओढता आडवा, मागे नेला. पत्र्यावरून न्यायचे तसा.

इतका वेळ गप्प पडलेल्या पाहुण्याने मान झटकली. चिमट्याला काहीतरी आलं होतं. पप्पांनी ते उजेडात धरून बघितलं, मग डोळ्याकडे बघितलं.

"ही फिल्म नव्हती," ते म्हणाले.

दुपारपर्यंत डोळा गढूळ झाला आणि कडेला लाल दोऱ्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. पप्पा जेवले नाहीत. पेटीसमोर पाटावर बसून राहिले. शेवटी मम्मीच म्हणाली, "असं बघत काय बसलात? डॉक्टरला दाखवा की. आणि हिच्या तोंडाकडे बघा, पांढरीफटक पडलीय."

कॉलेज रोडला एक डॉक्टर मॅडम पोपट आणि कासवं बघतात असं कळलं. सोमवारी पप्पांनी सुट्टी टाकली. पाहुण्याला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा झाकणाच्या टोपलीत. तिथे बाकावर लॅब्राडोर घेऊन एक आजोबा बसले होते.

"मांजर का?" त्यांनी टोपलीकडे बघत विचारलं.

"नाही हो. पाहुणा आहे, जरा लाजतो," पप्पा म्हणाले. एरवी असं काही बोलले की ते माझ्याकडे बघायचे. त्या दिवशी बघितलं नाही.

डॉक्टरांनी भिंगातून डोळा बघितला. "कुणी काढायचा प्रयत्न केला?"

"मी," पप्पा म्हणाले.

मी समोरच्या भिंतीवरचं जंतांच्या औषधाचं पोस्टर वाचत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. जुना पापुद्रा अर्धा निघाला होता, अर्धा तसाच होता, आणि खालच्या नव्याला इजा झाली होती. आता त्याला हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब. आत पू झाला तर डोळा काढावा लागेल. नाही झाला तर पुढच्या कातेबरोबर हे सगळं निघून जाईल.

"डोळा वाचेल ना?" पप्पांनी विचारलं.

"ते पुढची कात सांगेल. सहा-आठ आठवडे थांबायचं. आणि खोलीत हीटर लावता म्हणालात ना, तो आधी बंद करा."

घरी येऊन पप्पांनी आइस्क्रीमचा मोठा डबा घेतला, त्याला गोल दार कापलं आणि त्या दाराची कड पॉलिशपेपरने इतकी घासली की बोट फिरवलं तर काच वाटावी. आत ओला काथ्या. साप आत जाऊन बसला की त्याला ओलावा मिळतो. हवेतला ओलावा मोजायचा छोटा मीटरही आणला. पण एवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. डबाच काय, सगळ्या पेटीत त्यांनी काथ्या अंथरला आणि दिवसातून तीनदा पाणी मारायला लागले. झालेल्या चुकीला ते पाणी घालत होते असं मला वाटायचं. दहा-बारा दिवसांनी पाहुणा काचेवर चढला तेव्हा मला त्याच्या पोटावर दोन खवले लालसर, भाजल्यासारखे दिसले.

मी डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, खाली सतत ओलं राहिलं की खवले सडायला लागतात. जमिनीला कोरडं वर्तमानपत्र घाला, ओलावा फक्त डब्यात, आणि जखमेचं लाल औषध पाण्यात पातळ करून पोट धुवा.

पप्पा कामावरून आले आणि नेहमीसारखी स्प्रेची बाटली घेऊन खोलीत शिरले. या वेळी मी वाक्य जुळवत बसले नाही.

"खाली ओलं नको म्हटलं ना डॉक्टरांनी! खवले सडतायत त्याचे!"

त्यांना डॉक्टरांचा फोन आलेलाही माहीत नव्हता. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पप्पांनी बाटली टेबलावर ठेवली.

"तूच कर मग," ते म्हणाले. रागाने नाही. शॉपमध्ये एखाद्याच्या हातून काम काढून घेतलं तर तो कसा म्हणत असेल, तसं.

त्यानंतर ते खोलीत आले नाहीत. वर्तमानपत्र बदलणं, पोट धुणं, डोळ्यात थेंब टाकणं, सगळं मी एकटी करायचे. थेंब टाकताना पाहुण्याचं डोकं माझ्या बोटांत असायचं आणि मला रोज वाटायचं की पप्पांना हे सांगायला हवं. त्यांना वाटतंय त्यांच्या अडाणीपणामुळे झालं. अडाणीपणा नव्हताच, ठळक अक्षरांत लिहिलेलं घरात एका माणसाला माहीत होतं आणि ते माणूस टॉर्च धरून उभं होतं. डोळा गेला असता तर मी ते कधीच सांगू शकले नसते, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून डोळा वाचायला हवा होता, पाहुण्यासाठी आणि माझ्यासाठीही.

साडेचारची बस आली की पप्पा चपला काढून दारापर्यंत यायचे.

"आकडा किती?"

"पंचावन्न," मी मीटर बघून सांगायचे. कधी बावन्न, कधी साठ.

"बरं."

कित्येक आठवडे आमच्यात एवढंच बोलणं होतं. आता मी गंगापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. पप्पा निवृत्त झालेत आणि फोनवर भरपूर बोलतात, कॉलनीत कुणाचं काय चाललंय, पाणी किती वाजता आलं, सगळं. आतेभाऊ पाहुण्याला घेऊन गेला त्यालाही बरेच दिवस झाले. माझ्या त्या खोलीत मम्मीने इस्त्रीचं टेबल लावलंय. तरी कधी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास मला दारातून आलेला तो प्रश्न ऐकू येतो, आणि त्या अवघडलेल्या आठवड्यांची आठवण यावी आणि बरं वाटावं, याचं मला नवल वाटतं.

डॉक्टरांकडून आल्यानंतर सातव्या आठवड्यात पाहुण्याने खाणं सोडलं आणि उजवा डोळा निळसर झाला. डावा आधीच गढूळ, त्याचं काही कळेना. मम्मी रोज सकाळी विचारायची, "टाकली का?" काकूही विचारायच्या. एका दुपारी कॉलेजातून आले तर आइस्क्रीमच्या डब्याच्या दारात कात पडली होती. अखंड. पाहुणा आत काथ्यात डोकं खुपसून बसला होता.

मी कात उचलली नाही. पाहुण्याला बाहेर काढलं नाही. मीटरसमोर बसून राहिले. मम्मी दोनदा येऊन गेली, "अगं, बघ तरी." मी मान हलवली.

साडेचारला पप्पा दाराशी आले. "आकडा किती?"

"आत या," मी म्हणाले. "कात टाकलीय. मी अजून बघितलं नाही."

ते हात धुऊन आले. पाटावर बसले. ओल्या बोटांनी त्यांनी कात तळहातावर पसरली आणि डोक्याकडचा भाग उलगडला. उजव्या बाजूला गोल, स्वच्छ, पाण्याच्या थेंबासारखं भिंग. डाव्या बाजूला जाड, चुरगळलेला पापुद्रा, त्याला चिकटलेला जुना अर्धा तुकडा. पण होता. निघाला होता.

"त्याला खिडकीकडे आण," पप्पा म्हणाले.

मी पाहुण्याला दोन्ही हातांवर घेतलं. डावा डोळा काळाभोर, भोवती नारिंगी कडं, आणि खालच्या काठाला खसखशीएवढा पांढरा ठिपका. बाकी स्वच्छ. मी डाव्या बाजूने लांबून बोट हलवलं. जीभ बाहेर आली, लगेच मान तिकडे वळली. बोट पुन्हा हलवलं, पुन्हा वळली.

पप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?"

"दिसतंय त्याला," पप्पा म्हणाले. "चहा टाक."

मग मी सांगितलं. मनात काही न जुळवता. "पप्पा, मला माहीत होतं. त्या रविवारी. मी आदल्या दिवशी वाचलं होतं, डोळ्यावरचं ओढायचं नसतं म्हणून."

ते कात गुंडाळत होते. थांबले नाहीत. "मला वाटलंच."

"कसं?"

"तू 'पप्पा, ते' म्हणालीस ना. तू उगाच तोंड उघडणारी आहेस का? मी ऐकलं होतं. ऐकूनही लाइट धर म्हणालो." त्यांनी कात पेपरवर ठेवली. "आमच्या कारखान्यात पार्टवर हात असताना कुणी थांबा म्हणालं ना, अगदी काल लागलेला माणूस असला तरी, आधी हात थांबतो. मग विचारायचं, काय झालं. एवढी वर्षं केलं मी ते. घरी नाही केलं."

"पण मी थांबा म्हटलंच नाही."

"नाही म्हटलंस," पप्पा म्हणाले. "म्हणायला पाहिजे होतं."

जाऊ दे, असं ते म्हणाले नाहीत. तू लहान आहेस, असंही नाही. माझ्या वाट्याची चूक त्यांनी माझ्या हातात दिली आणि स्वतःची स्वतःकडे ठेवली. इतके आठवडे पोटात असलेला दगड त्यामुळे कसा हलका झाला, ते मला नीट सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी पप्पांनी आतेभावाला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं, चिमट्यापासून. मी बाजूला बसून टॉर्चपासूनचं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, माझ्याकडे असता तर मी डॉक्टरकडेसुद्धा नेला नसता." मम्मी मागून म्हणाली, "मग राहू दे आमच्याकडेच." आणि स्वतःच चमकली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला पप्पा दाराशी थांबले नाहीत. सरळ आत आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि मीटर स्वतः वाचला.

"अठ्ठेचाळीस. डब्यात पाणी मारू?"

"थोडंच."

"थोडंच म्हणजे किती?"

"मारा. मी सांगते."

त्यांनी दोनदा दट्ट्या दाबला आणि स्प्रेची बाटली तशीच हातात धरून माझ्याकडे बघत थांबले.